साठ अंशांवरचा ढग

विलासचा फोन आला तेव्हा मी डब्यात आंबील भरत होते. शेवटचे दोन महिने वत्सलाला घास गिळताना त्रास व्हायचा, म्हणून रोज सकाळी आठला माझा डबा तिच्या घरी जायचा. विलास तिचा मुलगा. ‘‘मावशी, आई पहाटे गेली,’’ तो म्हणाला. आणि मी, बहात्तर वर्षांची बाई, नवरा, सासू आणि दोन दीर पोचवून आलेली, त्याला म्हणाले, ‘‘बरं, मग डबा थोड्या वेळानं आणू का?’’ त्यानं फोन ठेवला. मी डबा नेलाच. रिकाम्या हातानं तिच्या घरी कसं जायचं, ते मला माहीतच नव्हतं.

याला आता सहा आठवडे झाले. वर्ध्यात ओळखीचे भेटतात, म्हणतात, तुमची जिवाभावाची मैत्रीण गेली हो, तुमच्यासारखी मैत्री आता बघायला मिळत नाही. मी मान हलवते. त्यांना काय माहीत, की मी, या जिवाभावाच्या मैत्रिणीनं, तिची शपथ मोडली. आणि मोडायला आठ महिने लावले. शपथ मोडली हा गुन्हा मोठा, की आठ महिने मोडली नाही हा मोठा, याचा निकाल मला लावता आलेला नाही. लिहून बघितलं तर लागेल, अशी एक भोळी आशा आहे. भोळेपणाचा माझा अनुभव जुना आहे.

आमची ओळखच मुळी माझ्या मूर्खपणातून झाली. मी तळेगावची नवी सून. वय एकोणीस-वीस, सातवा महिना, आणि पाय सुजून खांबासारखे झालेले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पुढच्या खेपेला सकाळची पहिली लघवी बाटलीत घेऊन या. आता तळेगावहून वर्ध्याच्या दवाखान्यात यायचं म्हणजे एसटीत तीन तास, आणि अर्धी एसटी सासऱ्यांच्या ओळखीची. त्या लोकांसमोर ती बाटली मांडीवर घेऊन बसायचं? त्यापेक्षा मरण बरं. पण तेव्हाची मी फार हुशार होते. जावेच्या तान्ह्या पोराची काचेची दुधाची बाटली होती, ती घेतली. भरायचं ते भरलं. तरी रंग चुगली करत होता, म्हणून पातेल्यातलं दोन चमचे दूध आत घातलं आणि हलवलं. छान पांढुरकं झालं. इतकं समाधान मला लग्न ठरलं तेव्हाही झालं नव्हतं. एसटीत शेजारच्या बाईनं बाटलीकडे पाहून विचारलं, पोरगं कुठी हाये? मी म्हणाले, पोटात. ती बाई आर्वी येईपर्यंत माझ्याकडे टक लावून बघत होती.

तपासणीच्या खोलीत माझ्याच वयाची एक मुलगी बसलेली. आष्टीची, नुकतीच नोकरीला लागलेली, पांढऱ्या कोटाच्या खिशात वेणी कोंबलेली. तिनं माझा ऐवज नळीत ओतला, आम्लाचे दोन थेंब टाकले, नळी दिव्यावर धरली... आणि सगळं फाटलं. गोळेच्या गोळे. लघवी तापवून पांढरं दिसलं की तिच्यात प्रथिन उतरलंय असं समजायचं, आणि पोटुशीचे पाय सुजलेले असताना ते दिसणं म्हणजे आई आणि लेकरू दोघांच्या जिवावरचं काम. दुसरी कोणी असती तर कागदावर तसं लिहून मोकळी झाली असती आणि मी त्याच दिवशी खाटेवर. वत्सलानं नळी नाकाशी नेली. मग उठून बाहेर आली, बायकांच्या रांगेतून मला शोधून काढलं आणि माझ्या कानाशी वाकून, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, ‘‘काऊन वो बाई, हे तुमचं हाये का म्हशीचं?’’

मी रडले. ती त्या दिवशी हसली नाही, ते तिनं पुढं पन्नास वर्षं वसूल केलं. दुसऱ्या बाटलीत माझं पाणी निर्मळ निघालं, पोरगा सुखरूप झाला, आणि त्याच्या बारशाला ती आष्टीला जाता जाता तळेगावला उतरली. मग दर दुसऱ्या शनिवारी उतरायला लागली. पुढं माझ्या नवऱ्याची, मास्तरांची, बदली वर्ध्याला झाली, सेवाग्रामच्या रस्त्याला आम्ही घर केलं. दोन गल्ल्या सोडून तिनं केलं. तिचे मालक लवकर गेले, माझे उशिरा. मधली सगळी वर्षं आम्ही दोघींनी एकमेकींच्या स्वयंपाकघरात काढली. पण एक गोष्ट पहिल्या दिवशी जी ठरली ती ठरली. ती जाणती, मी दूधवाली. ती सांगेल ते खरं. मला ते सोयीचंही होतं. दुसऱ्याच्या डोक्यानं जगण्यात फार आराम असतो.

तिच्या कामाबद्दल ती जे सांगायची ते माझ्याच चुलीवरचे दाखले देऊन. एकदा मी सांबारवड्या करत होते. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, तिचं खमंग सारण बेसनाच्या पारीत भरून पुडा दुमडायचा आणि तळायचा. दुमडणं जमलं तर वडी. नाही जमलं तर तेलात उकलते, सारण बाहेर सांडतं, जळतं आणि शेजारच्या चांगल्या वड्यांनाही चिकटतं. वत्सला म्हणाली, शरीरातली प्रत्येक पेशी दिवसभर हेच करून राह्यली. प्रथिन म्हणजे आधी एक लांबच लांब माळ. एकेक मणी ओवून तयार होते, पण तशी लोंबती माळ काही कामाची नाही. ती नेमकी दुमडली, तिला तिची घडी सापडली, की ती कामाला लागते. कोणी प्राणवायू वाहून नेतं, कोणी अन्न फोडतं, कोणी रोगाशी लढतं. घडी घालताना हात धरायला पेशीत दुसरी प्रथिनं उभी असतात, सासवांसारखी. आणि तरीही घडी चुकली तर? तर त्या माळेवर खूण चिकटवायची आणि तिला मोडायच्या जागी पाठवायची. तिथं तिचे तुकडे होतात, मणी सुटे होतात, पुन्हा नव्या माळेला लागतात. मी म्हणाले, आमच्या घरी ती मोडायची जागा म्हणजे मीच. लग्नानंतरची दोन वर्षं उकललेली प्रत्येक वडी सासूबाईंनी बघायच्या आत मी उभ्या उभ्या खाल्ली. म्हणून तर पाय सुजले होते, असा शोध तिनं तिथल्या तिथं लावला.

निवृत्तीनंतर बारा-तेरा वर्षं तिची बरी गेली. मग पाठ दुखायला लागली. वजन उतरलं. डोळ्यांच्या कडांना जांभळे डाग यायला लागले, मार बसल्यासारखे. बोलताना जीभ तोंडात मावत नाही असं वाटायचं. विलास नागपूरला नोकरीला, शनिवारी-रविवारी यायचा. त्यानं तिची लघवी एका ठिकाणी तपासून आणली. कागदाच्या पट्टीवर प्रथिन जवळजवळ नाहीच. तो निश्चिंत झाला. ती नाही झाली. लघवीले फेस कसा येते मग, एवढंच म्हणाली.

दोन-तीन दिवसांनी दुपारी मी तिच्याकडे गेले तर ती ओट्याशी उभी. गॅसवर पातेल्यात पाणी, पाण्यात काचेची नळी, नळीशेजारी तापमापक, आणि बाजूला व्हिनेगरची बाटली. मी म्हणाले, काय बाप्पा, लोणचं घालते का? तिनं बोटानं गप्प बस म्हटलं. पारा चढत होता. साठाच्या जवळ आला तसं नळीतलं स्वच्छ पिवळं पाणी हळूहळू दुधाळ व्हायला लागलं. ढग उतरावा तसा. ते पांढरं म्हणजे वाईट, एवढं ज्ञान मला स्वानुभवानं होतं. तिनं गॅस मोठा केला. पाण्याला आधण आलं, आणि बघता बघता ढग विरला. नळी पुन्हा आरपार.

मी टाळी वाजवली. हो, वाजवली. ‘‘गेलं गं वच्छे, गेलं सगळं,’’ म्हणाले. तिनं माझ्याकडे असं पाह्यलं की ती टाळी अजून माझ्या हातात अडकली आहे. गॅस बंद करून स्टूल ओढून बसली. ‘‘साधं असतं तर उकळून ऱ्हायलं असतं, मंदे,’’ म्हणाली. ‘‘उकळल्यावर जाते ना, तेच वाईट. आता थंड होऊ दे.’’ आम्ही बसून राहिलो. पाणी निवत गेलं, पारा उतरला, आणि साठाच्या आसपास तो ढग परत आला. जाऊन कुठं फिरून आल्यासारखा.

तिनं मला सगळं सांगितलं, पाढे म्हणावेत तसं. हाडांच्या मगजात काही पेशी असतात, रोगाशी लढायची शस्त्रं करणाऱ्या. शस्त्राचे दोन भाग, एक जड, एक हलका, जोडीनं बसणारे. त्यातली एखादी पेशी बिघडते, स्वतःच्या हजार नकला काढते आणि नुसते हलके भागच करत सुटते. त्यांना जोडी नाही. ते लघवीतून वाहतात, कागदाच्या पट्टीला दिसत नाहीत, पण तापवलं की असा खेळ करतात. आणि त्यातले काही वाटेत घडी सोडतात, एकमेकांना चिकटतात आणि जिथं सापडेल तिथं लेप धरून बसतात. जिभेत, मूत्रपिंडात, काळजात. ‘‘अन् ते मोडत नाई. मोडायच्या जागेपर्यंत जातच नाई,’’ ती म्हणाली. मी विचारलं, औषध? तिनं डोकं हलवलं. नोकरीत जेवढ्या नळ्यांत हा ढग दिसला तेवढी माणसं वर्षा-दोन वर्षांत संपली होती. घरच्यांनी त्यांना इथून तिथं नेलं, सुया टोचल्या, आणि शेवटी माणूस कुठल्यातरी दवाखान्याच्या पायरीवर गेला. तिला तसं नको होतं. विलासनं नोकरी सोडून उशाशी बसायला नको होतं. तिनं माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. ‘‘माह्या गळ्याची शपथ हाये तुले. कोणाले सांगू नको. विलासले तर नाईच.’’

आणि मी शपथ घेतली. का? कारण ती जाणती होती, आणि मी दूधवाली.

ते आठ महिने कसे गेले ते सांगते. विलास शनिवारी आला की मला काम निघायचं. समोरासमोर सापडले तर मी बोलण्याचा पूर सोडायची, म्हणजे त्याला विचारायला फटच राहू नये. एकदा त्यानं गल्लीच्या तोंडाशी गाठलं. ‘‘मावशी, आईची जीभ काऊन जड झाली?’’ मी म्हणाले, पान खाते ना. वत्सलानं आयुष्यात पान खाल्लं नव्हतं. तो ‘हाव’ म्हणाला आणि निघून गेला. माझ्यावर विश्वास होता ना त्याचा. त्या रात्रीपासून मला जेवण जाईना. माझ्याच घरात मला कोंडल्यासारखं व्हायचं. देवळात गेले तर वाटायचं, देवाला सांगणं हे सांगण्यात धरतात का? वत्सलाकडे गेले तर ती जिना चढताना थांबते, दम खाते, हे दिसायचं आणि मी पदराला गाठ मारत बसायची. ती मात्र मजेत. मला म्हणायची, मंदे, तू मरून राह्यली का मी?

मग एक दिवस माझी नात ओवी. ती औषधशास्त्र शिकते आणि मोठ्यानं वाचते, घर डोक्यावर घेऊन. मी तांदूळ निवडत होते. ती घोकत होती की अमुक औषध पेशीतली प्रथिनं मोडायची जागाच बंद पाडते, मग हाडांच्या मगजातल्या त्या बिघडलेल्या पेशीत नासकी प्रथिनं साचत जातात आणि पेशी आपल्याच कचऱ्यात घुसमटून मरते. माझ्या हातातलं सूप थांबलं. मी विचारलं, त्या रोगात लघवी तापवल्यावर ढग येतो का, आणि उकळल्यावर जातो? ओवी पुस्तकातून वर बघायला लागली. आजी, तुला कसं माहीत? मी म्हणाले, हे औषध नवीन निघालं का गं, या महिन्यात? ती हसली. छे, किती वर्षं झाली.

किती वर्षं झाली... वत्सला खोटं बोलली नव्हती. तिला जे माहीत होतं ते खरंच होतं, पण तिच्या निवृत्तीच्या दिवसापर्यंतचं. त्यानंतर जग पुढं सरकलं आणि ते तिला सांगायला कोणी आलं नाही. आणि मी, जिला काहीच माहीत नव्हतं, जिनं नुसतं एकदा कोणाला विचारायचं होतं, ती जाणतीवर भार टाकून आठ महिने तांदूळ निवडत बसले.

तरीही मी लगेच फोन केला नाही. हे लिहायला नको वाटतं, पण लिहिते. आमच्यात गळ्याची शपथ मोडली तर जिचा गळा ती जाते, असं लहानपणापासून ऐकलेलं. दोन दिवस मी फोन उचलायची आणि ठेवायची. सांगितलं तर मी तिला मारलं, नाही सांगितलं तरी मीच मारलं. कुठल्याही बाजूनं बाहेर पडायला दार नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, जणू कुणाच्या लग्नाला निघाले आहे अशी चांगली साडी नेसून, विलासला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘‘मावशी, पानाचं काऊन म्हटलं?’’

नागपूरला उपचार सुरू झाले. दर आठवड्याला सुई. वत्सला दीड महिना माझ्याशी बोलली नाही. मी रोज जायची, ओसरीत बसायची, आतून भांडी जरा जास्तच आपटल्याचा आवाज ऐकायची आणि परत यायची. ओवीचं ते पुस्तक मात्र मी खिडकीतून आत सरकवलं होतं. एका मंगळवारी आतून हाक आली, गॅस लाव म्हणून. ओट्यावर पातेलं, नळी, तापमापक मांडून ती भिंगानं पुस्तक वाचत बसली होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘पाह्य मंदे, पेशीच्या कचऱ्याची वाट बंद केली की पेशी मरते. अन् तू आठ महिने तोंड बंद करून बसली, तू कशी नाई मेली?’’ मग दोघी हसलो, आणि हसता हसता मला जे काही झालं ते तिनं पदरानं पुसलं.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या मंगळवारी तिच्या ओट्यावर आमची तपासणी. नागपूरचे मोठे कागद यायचे, त्यांच्यावर तिचा विश्वास होता, पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चैन नव्हतं. पारा वाचायचं काम माझं. शिक्षाच होती ती. तू फोडलं, आता तूच पाह्य. ढग महिन्यागणिक विरळ होत गेला. दिवाळीच्या आधीच्या मंगळवारी पारा साठ झाला, पासष्ट झाला, आणि नळी आरपार होती. तापताना आरपार, निवताना आरपार. मी टाळी वाजवायला हात उचलले आणि तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, ‘‘आता वाजव.’’

पण काळजात जे बसलं होतं ते बसलं होतं. नवीन येणं थांबलं, जुनं निघेना. काळीज घट्ट झालं होतं. पायांना सूज यायची, ती तिच्या पायांकडे बघून म्हणायची, आता माह्या एसटीची पाळी. दीड वर्ष तशीच हळूहळू आत आत गेली. आधी गल्ली सुटली, मग अंगण, मग ओटा. शेवटी एक खुर्ची आणि एक खिडकी. मंगळवारी मी पातेलं त्या खुर्चीपाशी शेगडीवर मांडायची. मागच्या उन्हाळ्यात मी एकदा धीर केला. विचारलं, आठ महिने आधी सांगितलं असतं तर हे काळजापर्यंत गेलं नसतं ना? डॉक्टरांना विचारून झालं होतं. ते म्हणाले होते, कदाचित. या एका शब्दात मी तेव्हापासून राहते आहे.

वत्सलानं आधी श्वास गोळा केला. दम लागायचा तिला. मग म्हणाली, ‘‘कदाचित बिदाचित काही नसते, मंदे. सांगाले दोन नळ्या लागतात. एक तापवाची, एक तशीच ठेवाची. मग दोन्ही उजेडात धरून पाहाचं. आपल्यापाशी एकच नळी होती.’’ मी म्हणाले, म्हणजे माफ केलं का? ती म्हणाली, तपासणीत माफी नसते. मग थोड्या वेळानं, खिडकीकडे बघत, ‘‘शपथ मी घातली ना? मंग अर्धे महिने माहे.’’

चार मला, चार तिला. तिच्या वाटणीचे ती घेऊन गेली. माझे इथं आहेत.

विलासनं घर भाड्यानं द्यायचं ठरवलं आहे. पुढच्या महिन्यात लोक येतील. सामान आवरायला म्हणून किल्ली माझ्याकडे दिली आहे, आणि मी आवरते आहे असं त्याला सांगते. काल मंगळवार होता. मी तिच्या स्वयंपाकघरात गेले, ओट्यावर पातेलं ठेवलं, पाणी घातलं, तापमापक आत उभा केला आणि गॅस लावला. नळी नाही, काही नाही. नुसतं पाणी. हे विलासला ठाऊक नाही, आता छापून आल्यावर कळेल. गुपित ठेवणारी म्हणून माझी ख्याती आहेच. साठ झाले, आधण आलं, मी गॅस बंद केला. निघून येता आलं असतं. पण पाणी निवेपर्यंत तिनं मला कधी उठू दिलं नव्हतं, खरं काय ते निवताना कळते म्हणायची, आणि आमचं सगळं बोलणं त्याच वेळात व्हायचं. म्हणून स्टूल ओढून बसले. पारा उतरत होता. पाण्याला निवायला अजूनही तेवढाच वेळ लागतो.